महाराष्ट्रातील वाइन-द्राक्षशेती

महाराष्ट्रातील वाइन-द्राक्षशेती म्हणजे वाइन बनवण्यासाठी लागणाऱ्या खास द्राक्षवाणांची महाराष्ट्र राज्यात होणारी लागवड. ही शेती मुख्यतः नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांत होते. भारतात तयार होणाऱ्या वाइनचा मोठा वाटा महाराष्ट्रातून येतो आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा क्रमांक पहिला लागतो. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. राज्यात शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों हे वाण अधिक प्रमाणात लावले जातात. रीस्लिंग हा थंड प्रदेशातील जर्मन वाण येथे मर्यादित प्रमाणात घेतला जातो. उष्ण कटिबंधातील हवामान, मॉन्सूनचा पाऊस आणि बुरशीजन्य रोग यांमुळे येथील लागवडीचे तंत्र युरोपपेक्षा बरेच वेगळे आहे. याच कारणांमुळे सेंद्रिय पद्धतीने वाइन-द्राक्षे पिकवणे येथे कठीण ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

जगातील बहुतेक प्रसिद्ध द्राक्षमळे विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर म्हणजे या पट्ट्याच्या बरेच बाहेर आहे. तरीही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची आणि हिवाळ्यातील थंड रात्री यांमुळे येथे वाइनयोग्य द्राक्षे तयार होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास, तर काही दिवस त्याहूनही खाली जाते. दिवसा मात्र स्वच्छ ऊन असते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील हा फरक मण्यांत साखर भरण्यास आणि आम्लता टिकून राहण्यास उपयोगी पडतो.

पावसाच्या वाटणीत सह्याद्रीचा वाटा निर्णायक आहे. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी रायगड जिल्ह्यातील नेरळ, शेलू, कर्जत, खालापूर हा भाग येतो. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि हवा दमट राहते. त्यामुळे तेथे भात हेच मुख्य पीक असून द्राक्षवेल व्यापारी प्रमाणावर तग धरत नाही. घाटमाथ्यावरील इगतपुरीतही पाऊस तितकाच जोरदार असतो. तेथून पूर्वेकडे जाताना मात्र पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो आणि निफाड-सिन्नरपर्यंत पावसाचे प्रमाण पाचशे-सहाशे मिलिमीटरपर्यंत उतरते. द्राक्षबागा मुख्यतः या कमी पावसाच्या पट्ट्यात असून त्या गंगापूरसारख्या धरणांच्या, विहिरींच्या आणि ठिबक सिंचनाच्या आधारावर उभ्या आहेत.

येथील जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेली आहे. खोल काळ्या जमिनीत पाणी साचते व वेलीची पानेच अधिक वाढतात. वाइन-द्राक्षांसाठी त्यामुळे हलकी, मुरमाड आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन पसंत केली जाते. जी उताराची खडकाळ जमीन ऊस किंवा कांद्यासाठी कमी प्रतीची समजली जाते, तीच वाइन-द्राक्षांना मानवते. अशा जमिनीत वेल मर्यादित वाढते, मणी लहान राहतात आणि रस दाट होतो.

इतिहास

दख्खनमधील द्राक्षांचा उल्लेख चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनात आढळतो. दौलताबादला द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवले आहे. उष्ण प्रदेशात द्राक्षवेल पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही व छाटणीनंतर पुन्हा फुटते. या नोंदीचे वनस्पतिशास्त्रीय कारण हेच आहे.

नाशिक जिल्ह्यात आधुनिक द्राक्षशेती सुरू करण्याचे श्रेय ओझर येथील रावसाहेब गायकवाड यांना दिले जाते. १९२५ च्या सुमारास त्यांनी ही लागवड केली. पुढे थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाचा प्रसार झाला आणि त्यातून निवड पद्धतीने तास-ए-गणेश, सोनाका यांसारखे वाण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनीच विकसित केले. ही सर्व खाण्याची द्राक्षे होती.

वाइनसाठीच्या द्राक्षांची व्यापारी सुरुवात १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाली. शामराव चौगुले यांनी स्थापन केलेल्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळती वाइन तयार केली. ही वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली गेली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरण परिसरात सोव्हिन्यों ब्लाँ व शेनिन ब्लाँ या वाणांची लागवड केली. केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियातील वाइन-तज्ज्ञाचे त्यांना साहाय्य मिळाले. या उपक्रमातून उभ्या राहिलेल्या सुला विनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली.

२००१ चे धोरण

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनवलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली, परवान्याची प्रक्रिया सुलभ झाली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. खाण्याच्या द्राक्षांचे भाव पडले तर शेतकऱ्याला दुसरी बाजारपेठ मिळावी, हा या धोरणामागील विचार होता. त्यानंतरच्या काही वर्षांत राज्यात अनेक लहान वाइनरी सुरू झाल्या. त्यांतील बऱ्याच द्राक्ष बागायतदारांनी स्वतः किंवा एकत्र येऊन, बँकेचे कर्ज काढून उभारल्या होत्या.

मंदी आणि पुनर्बांधणी

२००८ मधील जागतिक आर्थिक मंदी आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसायाला फटका बसला. देशातील वाइनचा मोठा खप याच क्षेत्रात असल्याने मागणी अचानक घटली. टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली, अनेक लहान वाइनरी कर्जात बुडाल्या आणि करारावर द्राक्षे लावलेल्या शेतकऱ्यांचे पैसे थकले. कित्येकांनी वाइन-द्राक्षांच्या वेली उपटल्या किंवा त्यांवर खाण्याच्या वाणांची कलमे केली. इंडेज कंपनीही आर्थिक अडचणीत सापडून अखेर बंद पडली.

त्यानंतरच्या काळात उद्योग मोजक्या मोठ्या कंपन्यांभोवती एकवटला. २०१२ मध्ये कर्नाटकातील ग्रोव्हर आणि नाशिकची झाम्पा या कंपन्या एकत्र आल्या. शाँदों या फ्रेंच नाममुद्रेने दिंडोरी तालुक्यात फेसाळत्या वाइनचे उत्पादन सुरू केले. सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात भारतीय व इटालियन भागीदारांची फ्रातेल्ली ही वाइनरी उभी राहिली. सुला विनयार्ड्सच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

लागवड आणि हंगाम

दोन छाटण्या, एक पीक

समशीतोष्ण प्रदेशात कडक हिवाळ्यात द्राक्षवेलीची पाने गळतात, वेल सुप्तावस्थेत जाते आणि वसंतात आपोआप फुटते. महाराष्ट्रात ही सुप्तावस्था येत नसल्याने वेलीचे वर्ष छाटणीने ठरवावे लागते.

पहिली छाटणी मार्चअखेर ते एप्रिलमध्ये होते. तिला खरड छाटणी म्हणतात. जुन्या काड्या एक-दोन डोळ्यांपर्यंत कापून नवीन काडी तयार केली जाते आणि उन्हाळ्यातील भरपूर प्रकाशात त्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढील घडांची घडण होते. दुसरी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना केली जाते. ही फळछाटणी होय. तिच्यानंतर फूट, फुलोरा, मणीधारणा असे टप्पे पार पडून जानेवारी ते मार्च या काळात काढणी होते. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे थंडी वाढत असताना पिकतात. महाराष्ट्रात ती थंडी संपून उन्हाळा चढत असताना पिकतात. काढणी लांबली की तापमान वाढते व आम्लता झपाट्याने घटते. म्हणून काढणीचा दिवस ठरवणे येथे विशेष महत्त्वाचे असते.

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे

खाण्याच्या द्राक्षांचे मणी मोठे, पातळ सालीचे व बिनबियांचे असावे लागतात. त्यासाठी जिबरेलिक आम्लासारखी संजीवके वापरतात व घडांची विरळणी करतात. वाइनच्या द्राक्षांचे मणी लहान, जाड सालीचे व बियांचे असतात. रंग, सुगंध आणि टॅनिन ही द्रव्ये मुख्यतः सालीत व बियांत असल्याने मणी लहान असणे हाच येथे गुण ठरतो. उत्पादनही मुद्दाम मर्यादित ठेवले जाते. खाण्याच्या द्राक्षांच्या वेली मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर वाढवतात. वाइनच्या वेली उभ्या समांतर तारांवर चढवतात, त्यामुळे घडांच्या पट्ट्यात हवा खेळती राहते.

या फरकाचा आर्थिक परिणाम मोठा आहे. वाइनची द्राक्षे फळबाजारात विकता येत नाहीत. वाइनरीने माल नाकारला तर शेतकऱ्याजवळ दुसरा ग्राहक उरत नाही.

वाण

पांढऱ्या वाइनचे वाण
- शेनिन ब्लाँ: मूळ फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील. उष्ण हवेतही आम्लता बऱ्यापैकी टिकवतो.
- सोव्हिन्यों ब्लाँ: हिरव्या मिरचीची व गवताची आठवण करून देणारा सुगंध.
- व्हिओनिए, शार्दोने: तुलनेने कमी क्षेत्रावर.
- रीस्लिंग: मर्यादित लागवड.

लाल वाइनचे वाण
- शिराझ: उष्णतेला चांगला प्रतिसाद देणारा.
- कॅबर्ने सोव्हिन्यों: जाड सालीचा, उशिरा पिकणारा.
- सांजोव्हेसे, टेम्प्रानियो, झिनफँडेल: काही मळ्यांत.

रीस्लिंग

उगम आणि मूळ प्रदेश

रीस्लिंग हा जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या प्रदेशातील पांढऱ्या द्राक्षांचा वाण आहे. त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १३ मार्च १४३५ रोजीचा असून तो ऱ्युसेल्सहाइम येथील द्राक्षवेलींच्या खरेदीच्या हिशोबात आढळतो. मोझेल नदीच्या खोऱ्यात १७८७ मध्ये ट्रियरचे आर्चबिशप क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी निकृष्ट वेली काढून चांगले वाण लावण्याचा आदेश दिला. त्यामुळे तेथे रीस्लिंगचा प्रसार वाढला.

मोझेलमधील मळे तीव्र उतारांवर आहेत. ब्रेम गावाजवळील काल्मोंट हा मळा काही ठिकाणी सुमारे ६५ अंशांपर्यंत उतरतो आणि तो युरोपातील सर्वांत तीव्र उताराच्या मळ्यांपैकी एक मानला जातो. सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर सूर्य तिरका असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर त्याचे किरण अधिक सरळ पडतात. पाटीचे काळसर दगड दिवसा तापतात व रात्री ती उष्णता वेलींना परत देतात. नदीच्या पाण्यामुळेही थंडीची तीव्रता कमी होते. म्हणजेच तेथील उतार आणि दगड ही ऊब मिळवण्याची साधने आहेत. या उतारांवर यंत्रे चालत नसल्याने छाटणीपासून काढणीपर्यंतची बहुतेक कामे हाताने करावी लागतात आणि उत्पादनखर्च सपाट मळ्यांच्या अनेक पट होतो. त्यामुळे जर्मनीत असे काही उतार लागवडीविना सोडूनही देण्यात आले आहेत.

महाराष्ट्रातील रीस्लिंग

भारतातील पहिली रीस्लिंग वाइन सुला विनयार्ड्सने नाशिक परिसरातील द्राक्षांपासून बाजारात आणली. तिची चव किंचित गोडसर आहे.

महाराष्ट्रात या वाणापुढील प्रश्न मोझेलच्या उलट आहे. तेथे ऊब मिळवावी लागते, येथे थंडावा जपावा लागतो. रीस्लिंगची ओळख त्याच्या तीक्ष्ण आम्लतेवर व फुलांसारख्या सुगंधावर उभी आहे. रात्र उबदार असेल तर मण्यांतील मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते आणि वाइन सपक लागते. मण्यांवर थेट ऊन अधिक पडल्यास जुन्या रीस्लिंगमध्ये जाणवणारा केरोसिनसारखा वास वाइन तरुण असतानाच येऊ शकतो. म्हणून उष्ण प्रदेशात अधिक उंचीची जागा निवडणे, घडांवर पानांची सावली राखणे आणि साखर फार वाढण्यापूर्वीच काढणी करणे हे उपाय केले जातात. येथे मुरमाड उताराचा उपयोग उष्णता साठवण्यासाठी नव्हे, तर पाण्याच्या निचऱ्यासाठी होतो.

सेंद्रिय शेती

भारतात सेंद्रिय शेतमालाचे प्रमाणीकरण २००१ पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली होते. केंद्र शासनाच्या 'अपेडा' या संस्थेकडे त्याचे सचिवालय आहे. द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकासाठी साधारण तीन वर्षांचा रूपांतर काळ पूर्ण करावा लागतो. या काळात रासायनिक निविष्ठा वापरता येत नाहीत, परंतु मालही 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच टप्पा सर्वांत जड असतो.

महाराष्ट्रातील बागांत केवडा, भुरी व करपा हे बुरशीजन्य रोग तसेच पिठ्या ढेकूण, फुलकिडे, तुडतुडे व उडद्या भुंगेरे या किडी आढळतात. फळछाटणीनंतर पाऊस लांबल्यास केवडा रोग काही दिवसांत बाग निकामी करू शकतो. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसाने द्राक्षबागांचे असेच नुकसान झाले होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने काढणीस आलेली पिके नष्ट केली.

सेंद्रिय पद्धतीत मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण, गंधक, ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी, निंबोळी अर्क, शेणखत, गांडूळखत व हिरवळीची खते यांचा वापर होतो. तथापि बोर्डो मिश्रणातील तांबे जमिनीत साचत जाते. त्यामुळे युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो ही तांब्याची कमाल मर्यादा घातली आहे. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून महाराष्ट्रात हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे कृत्रिम रसायन सेंद्रिय शेतीत चालत नाही. त्याविना फूट मागेपुढे होते व घड एका वेळी पिकत नाहीत. कोरड्या हवेच्या युरोपीय प्रदेशांतील सेंद्रिय पद्धती जशीच्या तशी येथे लागू न पडण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

'सेंद्रिय द्राक्षांची वाइन' आणि 'सेंद्रिय वाइन' यांतही फरक केला जातो. युरोपीय संघात २०१२ पर्यंत केवळ द्राक्षे सेंद्रिय असल्याचे लिहिता येत असे. त्या वर्षीच्या नियमांनी वाइननिर्मितीची प्रक्रियाही त्यात आणली. कोरड्या लाल वाइनसाठी सल्फाइटची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आणि पांढऱ्या व गुलाबी वाइनसाठी १५० मिलिग्रॅम ठेवण्यात आली.

रसायनांच्या अवशेषांचा प्रश्न खाण्याच्या द्राक्षांतही गंभीर ठरला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली व निर्यातदार शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर अवशेष तपासणी अधिक काटेकोर झाली. या कामात पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा मोठा सहभाग आहे.

वाइननिर्मिती

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पहाटे किंवा रात्री तोडून थंड अवस्थेत वाइनरीत आणली जातात. देठ वेगळे करून मणी हलक्या दाबाने पिळतात व रस निवळू देतात. नंतर स्टीलच्या शीत टाक्यांत साधारण १२ ते १८ अंश सेल्सियस तापमानात किण्वन होते. यीस्ट साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होते. रीस्लिंगसारखी गोडसर वाइन हवी असल्यास टाकी थंड करून किण्वन मध्येच थांबवतात व यीस्ट गाळून काढतात. लाल वाइनमध्ये रस सालींसह आंबवला जातो, त्यामुळे रंग व टॅनिन त्यात उतरतात. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीसाठी साधारण एक ते सव्वा किलो द्राक्षे लागतात.

करारशेती

वाइनरी स्वतःच्या मळ्यांबरोबरच शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून द्राक्षे घेतात. वाण, खुंट, छाटणीच्या तारखा, फवारणी आणि कमाल उत्पादन याविषयी वाइनरी मार्गदर्शन करते. दर प्रामुख्याने वाण व रसातील साखरेचे प्रमाण यांवर ठरतो. खाण्याच्या द्राक्षांच्या तुलनेत मजुरी व फवारणीचा खर्च कमी येतो आणि भाव आधी ठरलेला असतो, हे या पद्धतीचे लाभ आहेत. उलटपक्षी एकरी उत्पादन कमी असते, बाग फळाला येण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि शेतकरी एकाच खरेदीदारावर अवलंबून राहतो. २००८ नंतरच्या मंदीत हा धोका स्पष्ट झाला.

कायदे आणि वाद

महाराष्ट्रात मद्यविषयक व्यवहार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली नियंत्रित होतात. वाइन व बिअरसाठी किमान वय २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांना प्रतिबंध करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. दुसरीकडे राज्य शासन वाइनकडे शेतमालावरील प्रक्रिया म्हणून पाहते. या दोन भूमिकांतील ताण धोरणात वारंवार दिसतो.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. लहान वाइनरी व द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळावा, असे त्याचे समर्थन करण्यात आले. विरोधी पक्षाने त्यावर टीका केली आणि ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे हा निर्णय प्रत्यक्षात आला नाही. वाइनही अल्कोहोलयुक्त पेय असून तिच्या सेवनाचे आरोग्यावर व कुटुंबांवर दुष्परिणाम होतात, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता.

आयात वाइनवर भारतात १५० टक्के सीमाशुल्क आकारले जात असे. डिसेंबर २०२२ मध्ये अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियासोबतच्या व्यापार करारानुसार ठरावीक किमतीपेक्षा महाग वाइनवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. त्यामुळे देशी उत्पादकांपुढील स्पर्धा वाढली आहे.

पर्यटन

नाशिक परिसरातील अनेक वाइनरी पर्यटकांसाठी खुल्या आहेत. मळ्यांची सफर, वाइन-चवदर्शन, निवास व भोजन अशा सोयी तेथे असतात. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम पर्यटनाचाही हंगाम असतो. २००८ पासून गंगापूरजवळ भरू लागलेल्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाने या पर्यटनास चालना दिली.

हे सुद्धा पहा

- द्राक्ष
- नाशिक जिल्हा
- भौगोलिक मानांकन
- राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र
- सेंद्रिय शेती
- पर्जन्यछायेचा प्रदेश